लहान मंडळीतलं रविवारचं प्रवचन: सोमवारपासूनचा कामाचा क्रम

शनिवारी रात्री साडेनऊनंतर माझ्या फोनवर ठरावीक निरोप येतात. "भाऊ, उद्यासाठी एखादा संदेश सुचवा ना." विचारणारे आळशी नसतात. कोणी कंपनीत पाळीवर, कोणी शाळेत शिक्षक, कोणी रिक्षा चालवून मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारा ख्रिस्ती लोकांचा गट, सांभाळतो. वेळ कमी असतो हे खरंच, पण खोलात विचारलं तर बहुतेकांनी आठवड्यात चार-पाच तास तयारीला दिलेले निघतात. गडबड क्रमाची असते. आधी विषय ठरतो, मग विषयाला जुळणारी वचनं गोळा होतात, मग मोबाइलवर त्याच विषयावरची दोन-तीन प्रवचनं ऐकून होतात, आणि उतारा शांतपणे वाचायचा राहून जातो.

खालचा क्रम तीस-चाळीस माणसांच्या बाप्टिस्ट (एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) मंडळीसाठी आहे. पाळक (पास्टर) एक, डीकन, म्हणजे कामात हातभार लावणारे निवडलेले सभासद, दोन-तीन, हॉल बहुधा भाड्याचा. मोठ्या मंडळीत पाळकाला लोकांची नावं आठवावी लागतात. आपल्याला नावं, कर्जं, पथ्यपाणी, कोण कोणाशी बोलत नाही, सगळं ठाऊक असतं, आणि प्रवचनातला निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो.

उदाहरणाला एकच उतारा धरू: मार्क ४:३५–४१ (मार्कच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय, वचनं ३५ ते ४१), येशूने वादळ शमवल्याचा.

१. आठवड्याआधी: तिमाहीचा तक्ता

तीन महिन्यांत तेरा रविवार येतात. त्यांचे उतारे आधीच एका कागदावर लिहून काढा, आणि शक्यतो एकाच पुस्तकातून सलग घ्या. पहिल्यांदाच करणार असाल तर योना घ्या: ४ अध्याय, ४८ वचनं, चार रविवारांत होतं. फिलिप्पैकरांस पत्राच्या १०४ वचनांना आठ ते दहा रविवार लागतात. प्रकटीकरणाला इतक्यात हात लावू नका. तेरापैकी दोन रविवार कोरे सोडा; कोणाच्या घरी दुःखद घटना घडते, कधी पाहुणा प्रचारक येतो.

तक्त्याची एक प्रत गीतं निवडणाऱ्याला द्या, एक डीकनांना.

तक्त्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. दर आठवड्याला विषय निवडलात की लोक तो विषय कोणावर नेम धरून निवडला ते शोधतात. क्षमेवर बोललात, म्हणजे परवाच्या भांडणावरच. उतारा दोन महिन्यांपूर्वी लिहिलेला असला तर तुमच्याकडे उत्तर असतं. शिवाय नेम धरायचा मोह आपल्यालाही होतोच, तोही आवरतो.

*सावध:* मंडळीत वाद झाला म्हणून त्या आठवड्यात तक्ता बदलू नका. वादाची जागा कुठे, ते चौथ्या पायरीत येतं.

२. सोमवार: फक्त वाचन

चाळीस मिनिटं पुरतात. उपासनेत वाचलं जातं तेच पवित्र शास्त्र घ्या आणि उतारा पाच वेळा मोठ्यानं वाचा. अर्थ समजावणारा अभ्यासग्रंथ नको, फोन नको. मग दिसेल ते लिहा. कोण, कुठे, केव्हा, काय पुन्हा येतं, काय विचित्र वाटतं.

मार्कच्या उताऱ्यात माझ्या वहीत हे आलं: संध्याकाळ झालेली, येशू "होता तसाच" नावेत, बरोबर दुसऱ्याही नावा (वचन ३६), तो मागच्या बाजूला उशीवर झोपलेला (३८), वादळ थांबल्यावरही शिष्य भ्यालेले (४१). या उताऱ्यावर मी आधी तीनदा बोललो होतो. त्या दुसऱ्या नावा एकदाही माझ्या लक्षात आल्या नव्हत्या.

उताऱ्याची हद्दही आजच तपासा. अध्याय आणि वचनांचे आकडे नंतरचे आहेत, छापलेली शीर्षकं त्याहून नंतरची. गोष्ट कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते मजकुरावरून ठरवा. इथे पाचव्या अध्यायात नाव पलीकडच्या काठाला लागते, म्हणून ४१ वर थांबणं बरोबर.

*तपासा:* सोमवारी रात्री वहीत दहा निरीक्षणं हवीत आणि बोध एकही नको. "आपल्या जीवनातील वादळे" असं काही लिहून झालं असेल तर खोडा.

३. मंगळवार आणि बुधवार: अर्थ लावणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई करू नका.

पहिलं काम मागचा-पुढचा संदर्भ. आपल्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरांनी काही वचनांचं फार नुकसान केलं आहे. मी सगळ्यात जास्त ऐकलेली तीन सांगतो.

फिलिप्पै ४:१३ परीक्षेच्या दिवसांत हमखास निघतं: सामर्थ्य मिळेल, सगळं जमेल. त्याच्या वरची दोन वचनं वाचा. हे पत्र लिहिणारा पौल कैदेत आहे, आणि पोट भरलेलं असो की उपाशी, दोन्हीत समाधानी राहायला आपण शिकलो असं तो सांगतो. पेपर अवघड गेलेल्या मुलालाही हे वचन लागू पडतं. आपण मात्र ते फक्त पास होणाऱ्याला देतो.

यिर्मया २९:११, देवाच्या मनात तुमच्या हिताचे विचार आहेत हे वचन, नव्या नोकरीला, नव्या घराला. ते पत्र बाबेलात बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे. पाचव्या वचनात त्यांना तिथेच घरं बांधा, बागा लावा असं सांगितलं आहे, आणि दहाव्या वचनात मुदत आहे सत्तर वर्षांची. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना परतीची वाट दिसणारच नव्हती.

मत्तय १८:२० तर आपलंच. माझ्या नावाने दोघे किंवा तिघे जमले तिथे मी आहे, असं येशू त्यात म्हणतो. पावसात सात माणसं आली की आपण "दोघे किंवा तिघे" म्हणून स्वतःचं समाधान करून घेतो. पण १५ ते १७ ही वचनं भावाने अपराध केला तर काय करायचं याबद्दल आहेत: आधी एकट्याने जा, मग एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. "दोघे-तिघे" त्या ओघात येतात. हा क्रम लक्षात ठेवा, लवकरच लागणार आहे.

दुसरं काम भाषांतरांची तुलना. उपासनेतल्या भाषांतराशेजारी एखादं आजच्या मराठीतलं ठेवा, आणि मिळालं तर पंडिता रमाबाईंचंही. भाषांतरं जिथे वेगळी दिसतील तिथे थांबा. मार्कच्या या उताऱ्यात मूळ ग्रीक भाषेत "मोठा" या अर्थाचा 'मेगास' हा शब्द तीनदा येतो: मोठं वादळ, मोठी शांतता, मोठी भीती. मराठीत तीन ठिकाणी तीन वेगळे शब्द आले की तो धागा दिसेनासा होतो. ग्रीक येत नसलं तरी चालेल. चांगल्या अभ्यासग्रंथात हे मिळतं, आणि तो उघडायची वेळ आता आली आहे. सोमवारी नव्हे.

तिसरं काम आपल्या लोकांच्या कानाचं. मंडळीत जन्मलेल्या माणसाला जे शब्द सरावाचे आहेत, ते बाहेरून आलेल्याला भलत्याच अर्थाने ऐकू येतात. योहान ३ मधला "नव्याने जन्म" त्याला पुनर्जन्मासारखा वाटतो, चौऱ्याऐंशी लक्ष योनींसकट. "प्रायश्चित्त" म्हटलं की त्याला उपासतापास, दान, म्हणजे स्वतः करायची गोष्ट आठवते. १ योहान २:२ मध्ये तर ख्रिस्त स्वतःच ते आहे असं म्हटलं आहे. असे शब्द टाळायचे नाहीत. प्रत्येकाला एक साधं वाक्य जोडायचं आणि ते वहीत आधीच लिहून ठेवायचं. पुलपिटावर (प्रवचनाच्या व्यासपीठावर) उभं राहून ऐनवेळी व्याख्या सुचत नाही, लांबते.

*तपासा:* बुधवारी रात्री स्वतःला विचारा, "मार्कने ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना का सांगितली?" दोन वाक्यांत उत्तर येत नसेल तर भेटींना जा, पण मांडणीला बसू नका.

४. बुधवार आणि गुरुवार: घरभेटी

भेटी आणि तयारी ही दोन वेगळी खाती ठेवलीत तर दोन्हीकडे वेळ कमी पडतो. चाळीस माणसं म्हणजे साधारण चौदा घरं. आठवड्याला दोन घरं धरली तर सात आठवड्यांत फेरी पूर्ण होते. आजारपण आणि मृत्यू याशिवाय.

वहीत घरांची यादी आणि शेवटच्या भेटीची तारीख ठेवा. आठवणीवर गेलात की पाय त्याच चार घरांकडे वळतात, जिथे बोलणं सोपं आणि चहा चांगला. (पाळकाचा मधुमेह हा सेवेचाच भाग आहे. अर्धा कप मागायला लाजू नका.) दुसरी चूक म्हणजे रविवारी न आलेल्यांकडेच जाणं. मग भेट म्हणजे वसुली होते, आणि दारातली चप्पल पाहून लोक आतूनच ओळखतात. नियमित येणाऱ्यांकडे आधी जा.

फोन करून जा. पाऊण तासाहून जास्त बसू नका. बाई घरी एकटी असेल तर पत्नीला किंवा मंडळीतल्या एखाद्या ज्येष्ठ ताईंना बरोबर घ्या. ते जमणार नसेल तर भेट पुढे ढकला.

वाचायला या आठवड्याचाच उतारा न्या. वाचून झाल्यावर समजावून सांगू नका, विचारा: "तुम्हाला काय दिसतं?" एका ट्रकचालक भावांनी हाच उतारा ऐकून म्हटलं, "पाणी अंगावर येतंय आणि माणूस झोपलाय. किती दमला असेल हो तो!" माझ्या अभ्यासग्रंथाने येशूच्या माणूसपणावर दोन पानं खर्च केली होती, ती या एका वाक्यात मावली. मी तिथेच विचारलं, "हे रविवारी सांगू का? तुमचं नाव घेऊ का?" ते लाजले, पण हो म्हणाले.

तसं विचारायला मी किंमत मोजून शिकलो. काही वर्षांपूर्वी मी प्रवचनात "एक वृद्ध आई, मुलगा फोन घेत नाही" असं उदाहरण दिलं. नाव घेतलं नव्हतं. पस्तीस माणसांच्या हॉलमध्ये तीन माना दुसऱ्या रांगेकडे वळल्या. त्या मावशी पुढचे दोन रविवार आल्या नाहीत. मी घरी गेलो. चहा ठेवत म्हणाल्या, "पास्टर, साखर संपलीय. तेवढं पुलपिटावरून सांगू नका." भेटीत ऐकलेली कोणतीही गोष्ट, नाव बदलून, गाव बदलून, "एका मंडळीत" म्हणून, परवानगीशिवाय वापरायची नाही. लहान मंडळीत "एक बहीण" असं काही नसतं.

दवाखान्यात दहा मिनिटं पुरे. खाटेवर बसू नका. प्रार्थना करू का, असं आधी विचारा आणि हळू आवाजात करा. शेजारच्या खाटेवरही आजारी माणूस आहे. "विश्वास कमी पडतोय" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. मृत्यू झालेल्या घरी त्याच दिवशी जा, कमी बोला, आणि वहीत एक महिन्यानंतरची व एक वर्षानंतरची तारीख टाकून ठेवा. त्या दिवशी सहसा दुसरं कोणी येत नाही.

मंडळीतल्या वादाला मत्तय १८ चा क्रम लावा. आधी एकट्याने भेट, मग दोघे-तिघे. तिसरी पायरी "मंडळीला सांग" ही आहे, आणि आपल्या बाप्टिस्ट पद्धतीत ती सभासदांच्या सभेत येते. रविवारची उपासना पाहुण्यांसाठीही उघडी असते. प्रवचन ही त्यातली कोणतीच पायरी नाही.

*सावध:* गुप्ततेला मर्यादा आहे. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. मुलांसाठी मदतीचा क्रमांक १०९८. बाईला मारहाण होत असेल तर समेट घडवायला बसू नका, आधी तिच्या सुरक्षेचं पाहा, क्रमांक १८१. कोणी जीव देण्याची भाषा केली तर फक्त प्रार्थना करून निघू नका, त्या माणसाला एकटं सोडू नका, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ तिथेच लावून द्या.

५. शुक्रवार: एक वाक्य, मग मांडणी

अख्ख्या प्रवचनाचं एक वाक्य लिहा. मार्कच्या उताऱ्यावर नेहमी ऐकू येणारं: "वादळ येईल, पण येशू नावेत असेल तर ते शमेल." ऐकायला गोड आहे. समोर डायलिसिसवरचा माणूस बसलेला असतो, त्याचं शमलेलं नाही. शिवाय मार्क तिथे थांबतच नाही, उतारा संपतो तो "हा आहे तरी कोण?" अशा प्रश्नावर. म्हणून माझं वाक्य असं झालं: "वाऱ्याला आज्ञा करणारा हा नावेत झोपलेला माणूस कोण, हे कळणं शिष्यांना वादळ थांबण्यापेक्षाही जास्त गरजेचं होतं."

मांडणी उताऱ्यातूनच घ्या. तिथे तीन "मोठं" आहेत, मुद्दे तेच: मोठं वादळ, मोठी शांतता, मोठी भीती. तीन मुद्द्यांची पहिली अक्षरं जुळवण्यात वेळ घालवू नका; ती कसरत बोलणाऱ्यालाच लक्षात राहते.

मग लिहा, बोलल्यासारखं. पुलपिटावर चढलं की आपली मराठी अचानक शंभर वर्षं मागे जाते, "प्रियजनहो, सदरहू उताऱ्यात आपणांस असे आढळून येते की." घरी जसं बोलता तसं लिहा. माझा वेग मिनिटाला साधारण शंभर शब्द, म्हणजे पंचवीस मिनिटांना अडीच हजार. तुमचा वेग एकदा घड्याळ लावून मोजा.

दुसऱ्याचं प्रवचन ऐकायचंच असेल तर आत्ता, लिहून झाल्यावर ऐका. एखादा विचार घेतलात तर "हे मी एका प्रचारकाकडून ऐकलं" म्हणा. मंडळीतली तरुण मुलंही तीच चॅनेलं पाहतात.

६. शनिवार: मोठ्यानं वाचा, कापा

उभं राहून, आवाज काढून, एकदा पूर्ण वाचा. जिथे जीभ अडखळते ते वाक्य मोडा. तीस मिनिटांवर गेलं तर पहिल्यांदा प्रस्तावना कापा, ती नेहमीच लांब असते.

मग एक-एक चेहरा डोळ्यासमोर आणा. एखाद्या वाक्याशी एकच चेहरा येत असेल आणि ते वाक्य उताऱ्यात नसेल, तर तो टोमणा आहे. काढा. वाक्य उताऱ्यातलंच असेल तर राहू द्या, पण त्या माणसाला रविवारआधी भेटून झालं आहे का ते आठवा. उलटी चाचणीही करा: हे माझ्याच घरात कोणाला लागेल? माझ्या दोन परिच्छेदांवर बायकोने आजवर फुली मारली आहे, दोन्ही वेळा तिचं बरोबर होतं.

रात्री आठला वही बंद. त्यानंतर सुचलेलं उदाहरण कितीही छान वाटलं तरी घालू नका.

७. रविवार

अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा. किल्ली, माइक, पंखे, पाणी. शास्त्रपाठ वाचणाऱ्याला उतारा आदल्या दिवशीच कळवलेला असावा. तिथल्या तिथे पुस्तक हातात दिलं की नावांवर अडखळत वाचन होतं आणि प्रवचनाआधीच उतारा हातचा जातो.

सूचना प्रवचनानंतर लगेच नकोत. प्रवचन, प्रार्थना, गीत, मग सूचना, मग आशीर्वाद. प्रवचन संपल्या क्षणी "सहलीचे पैसे जमा करा" ऐकलं की पंचवीस मिनिटं धुऊन निघतात.

दान दोघांनी मिळून मोजावं, रजिस्टरात दोघांच्या सह्या. पाळकाने त्या पैशाला हात लावू नये, सुट्टे करून द्यायलाही नाही.

प्रभुभोजनाचा (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीचा) रविवार असेल तर प्रवचन अठरा-वीस मिनिटांचंच लिहा. १ करिंथ ११:२३–२९ वाचायला आणि शांत बसायला वेळ हवा. चाळीस छोट्या पेल्यांना दहा-दहा मिलिलिटर, म्हणजे अर्धा लिटर रस भरपूर. काळ्या मनुका रात्री भिजवून, उकळून, गाळून घ्या. शनिवारी करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. आम्ही एकदा मे महिन्यात शुक्रवारी करून ओट्यावर ठेवला होता. रविवारी झाकण उघडताना आवाज आला, आणि न आंबवलेला रसच हवा म्हणून आग्रह धरणाऱ्या आमच्या ज्येष्ठ डीकनांचा चेहरा मी विसरलेलो नाही.

*सावध:* उपासना संपल्यावर डीकनांच्या घोळक्यात अडकू नका. दाराशी उभे राहा. "चांगलं झालं" याला धन्यवाद म्हणून पुढे व्हा. कोणी "जरा बोलायचं होतं" म्हटलं तर तिथेच वहीत नाव आणि वार लिहा.

८. रविवार दुपार: वहीतल्या चार ओळी

जेवण्यापूर्वी, आठवणी ताज्या असताना लिहा: किती मिनिटं झाली, कुठे लोकांचं लक्ष उडालं, कोणता शब्द समजला नाही, कोणाला भेटायचं. प्रवचन चांगलं झालं की वाईट हे लिहू नका, त्या दिवशी ते कळत नाही. मागच्या वेळच्या माझ्या चार ओळी: "२९ मिनिटं. 'मोठी भीती'पाशी घाई झाली. संडेस्कूलच्या मुलीने दाराशी विचारलं, दुसऱ्या नावांतल्या लोकांचं काय झालं? तिच्या आजीला बुधवारी भेटणे."

त्या प्रश्नाचं उत्तर मार्क देत नाही, आणि मी तिला तसंच सांगितलं. मग पान उलटून वर पुढचा उतारा लिहिला, मार्क ५:१–२०, आणि वही बंद केली. वाचन सोमवारी.